घरच्या शेतीचे पहिले वर्ष: वीस गुंठे जमीन, चार गुंठे भाजीपाला

जमीन वीस गुंठे. कसणारी मोठी माणसे तीन, तिघांनाही दुसरे कामधंदे. मजूर लावायचा नाही. वही एकच ठेवायची आणि तिच्यात खर्च, पाणी, उत्पन्न यांच्याबरोबर लागलेले तासही लिहायचे. शेतीच्या वह्यांमध्ये हा शेवटचा रकाना सहसा नसतो.

४ जानेवारी: पाणी

बियाणे, अवजारे, कुंपण यांच्या आधी पाणी मोजले. मोटार चालू करून धार स्थिर झाल्यावर २० लिटरची बादली धरली. ती १६ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ७५ आणि तासाला ४,५०० लिटर. पण हा आकडा मोटारीचा झाला, विहिरीचा नव्हे. विहिरीचा काढण्यासाठी दोन तास उपसा करून पातळी किती उतरते आणि सकाळपर्यंत किती चढते ते दोरीने मोजले. पातळी १.२ मीटर उतरली आणि सकाळी पूर्ववत झाली. विहिरीचा व्यास ३ मीटर आहे, त्यामुळे एक मीटर उंचीत सुमारे ७,००० लिटर पाणी मावते. रात्रभरातला भराव झाला साधारण ८,५०० लिटर.

जानेवारीतल्या भरावावर उन्हाळ्याचे पीक ठरवायचे नसते. मे महिन्यासाठी याच्या ४० टक्के, म्हणजे ३,४०० लिटर धरले. कडक उन्हात भाजीपाल्याला दिवसाला ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर आणि गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. तेव्हा गुंठ्याला रोजचे ७०० लिटर. रोपवाटिका आणि गळती वजा जाता हिशेब चार गुंठ्यांवर थांबतो. बाकीच्या सोळा गुंठ्यांत काय करायचे ते नंतर बघू. बारमाही भाजीपाला तिथे होणार नाही, एवढे आजच नक्की झाले.

११ जानेवारी: माती

नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला केला, इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घेतला आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढली. नागमोडी चालत दहा ठिकाणची माती गोळा केली. ती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरली. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याच्या जागेची माती यात मिसळली तर अहवाल त्या जागेचा येतो, शेताचा नाही. खालचा कोपरा दिसायलाच वेगळा आहे, म्हणून त्याचा नमुना वेगळा घेतला.

पोत घरीच पाहिला. उभ्या बरणीत एकतृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवली. एका मिनिटात बसतो तो थर वाळूचा, दोन तासांनी दिसतो तो गाळाचा, आणि चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्त लागतो. आमच्या बरणीतल्या दहा सेंटिमीटरपैकी चार चिकणमातीचे निघाले. म्हणजे जमीन पाणी धरेल, पण ओली असताना तुडवली तर विटेसारखी घट्ट होईल.

निचऱ्यासाठी एक फूट खोल खड्डा पाण्याने भरला, पूर्ण जिरू दिला, पुन्हा भरला आणि दुसऱ्या वेळी मोजले. पहिल्या वेळी कोरडी माती पाणी ओढून घेते, तो आकडा कामाचा नसतो. वरच्या भागात पाणी तासाला ४ सेंटिमीटर उतरले. खालच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरही नाही.

८ फेब्रुवारी: अहवाल आणि तासांचा हिशेब

सामू (मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक, pH) ७.९, क्षारता ०.४, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. क्षारतेची चिंता नाही. कर्ब कमी आहे, तो एका हंगामात वाढणार नाही. सामू इतका असेल तर जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर कारण हे, युरियाची कमतरता नव्हे. युरिया टाकला तर पाला वाढेल, पण नवी पाने पिवळीच येतील.

मग तास. तिघांचे मिळून आठवड्याला ३० तास निघतात. त्यातले एकतृतीयांश पाऊस, आजारपण, लग्नकार्य आणि मोडतोड यांसाठी बाजूला ठेवले. उरले २०. दाट भाजीपाल्याला गुंठ्यामागे आठवड्याला सरासरी पाच तास धरले तर पुन्हा चार गुंठेच येतात. पाणी आणि माणसे दोन्ही एकाच आकड्यावर आली हा योगायोग, पण सोयीचा. यांतला जो आकडा लहान निघेल तोच शेताचा खरा आकार समजायचा.

उरलेल्या सोळा गुंठ्यांपैकी बारांत पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग, तीनांत पुढे फळझाडे, आणि खालचा एक गुंठ्याचा कोपरा गवतासाठी. तिथे चर खणून निचरा सुधारता येईल, पण पहिल्या वर्षी ते काम घ्यायचे नाही. सर्वांत वाईट जागा आधी सुधारू म्हणणाऱ्या शेतात चांगल्या जागेला वेळच मिळत नाही.

२२ फेब्रुवारी: कंपोस्ट

गुंठ्याला २५० किलो, म्हणजे एकरी दहा टन या मानाने चार गुंठ्यांना एक टन खत हवे. दीड बाय दीड मीटरचा आणि १.२ मीटर उंचीचा ढीग कुजून निम्म्याहून कमी होतो आणि सहाशे-सातशे किलो खत देतो, म्हणून दोन ढीग. घमेल्याच्या मापाने दोन भाग वाळलेला पाला, काड व भुसा आणि एक भाग ताजे शेण व हिरवा पाला असे थर दिले. घनमीटरभराहून लहान ढीग तापत नाही. आतली ऊब बाहेर निघून जाते.

ओलावा मुठीने तपासायचा: मूठ घट्ट दाबली की बोटांच्या फटीतून दोनचार थेंब यावेत. धार लागली तर जास्त, मूठ उघडताच गोळा फुटला तर कमी. ढिगात खुपसलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी काढून हाताला चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर ५५ ते ६५ अंश. या तापमानात तणाचे बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात, पण फक्त ढिगाच्या पोटात. म्हणून पालटताना कडेचा माल आत घालायचा. अमोनियाचा उग्र वास आला की वाळलेला माल कमी पडला. कुजकट वास आला तर हवा कमी, पाणी जास्त.

बाहेरून काड किंवा शेणखत आणताना एक चाचणी चुकवू नये. रुंद पानांच्या तणावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश काडातून आणि जनावरांच्या पोटातूनही शेणापर्यंत टिकतो. खत आणि माती समभाग घेऊन कुंडीत घेवड्याचे दहा दाणे लावायचे, शेजारी नुसत्या मातीत दहा. खताच्या कुंडीतली पाने वळली, चमच्यासारखी झाली तर ते खत भाजीपाल्याला घालायचे नाही.

कच्चे शेण थेट वाफ्यात नाही. घालायचेच असेल तर मातीला लागणाऱ्या भाजीच्या काढणीआधी किमान १२० दिवस.

१५ मार्च: कुंपण

पूर्ण जमिनीला वेढा घातला तर १८० मीटर लागतात, भाजीच्या चौकोनाला १०८ मीटर. लहान वेढा घेतला. कुंपणाची लांबी वाढते तशी त्याखालचे गवत काढण्याची मेहनतही वाढते, तीही कायमची.

सौर झटका यंत्र, चार तारा: जमिनीपासून २०, ४५, ७५ आणि ११० सेंटिमीटरवर. खालची तार रानडुकरासाठी, ती सर्वांत महत्त्वाची. कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेका दिल्याशिवाय तार ताणू नये, खांब आत झुकतो आणि मधली तार लोंबते. झटका कमी येतो तेव्हा लोक यंत्राला दोष देतात. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. दीड-दोन मीटर लांबीच्या तीन सळया, तीन-तीन मीटर अंतरावर, एकमेकींना जोडलेल्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगजवळ आठवड्याला दोन बादल्या पाणी. शेवटच्या टोकाला मीटरने ४ किलोव्होल्टच्या खाली दाखवले की तारेला टेकलेले गवत शोधायचे.

घरातली वीज तारेला थेट जोडणे म्हणजे माणसासाठी लावलेला सापळा. दर वर्षी यात माणसे मरतात. थांबून थांबून झटका देणारे, प्रमाणित यंत्रच लावायचे.

२९ मार्च: वाफे

रुंदी १.२ मीटर, लांबी १० मीटर, उंची २० सेंटिमीटर, मधला रस्ता ४५ सेंटिमीटर. १.२ मीटर यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचावा. वाफ्यात पाय पडायला नको. बारा-बारा वाफ्यांचे दोन गट आणि मध्ये दोन मीटरची गाडीवाट. २४ वाफे रस्त्यांसह जवळजवळ चार गुंठ्यांत बसतात.

सगळे वाफे एकाच लांबीचे करण्याचा फायदा नंतर दर आठवड्याला मिळतो. कोणत्याही वाफ्याची जाळी, नळी, आच्छादनाचा कागद दुसऱ्या कोणत्याही वाफ्याला बसतो. बांध वाकडा आहे म्हणून दोन वाफे लांब करण्याचा मोह टाळला. तिथे तिरकी जागा उरली, ती गवताला सोडली.

काम वापशावरच. मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाकायचा. फुटून मोकळा झाला तर वापसा आला, लगदा होऊन बसला तर फावडे परत ठेवायचे. चिकणमातीत ओल्यात केलेल्या एका दिवसाच्या कामाची ढेकळे हंगामभर पुरतात.

१२ एप्रिल: लव्हाळा

पूर्वेच्या आठ वाफ्यांत लव्हाळा आहे. त्यावर रोटाव्हेटर फिरवणे म्हणजे गाठींच्या माळा तोडून त्या सगळीकडे पेरणे. वाफे तयार असल्यामुळे पाणी देऊन, वापसा आल्यावर ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद मातीला चिकटून ताणला आणि कडा १५ सेंटिमीटर खोल पुरल्या. काळा कागद या कामाला चालत नाही. तो स्वतः तापतो, खालची माती तितकी तापत नाही. सहा आठवडे ठेवायचा. वरच्या थरातली बहुतेक तणबी आणि मर रोगाच्या बऱ्याच बुरश्या यात जातात. खोल गेलेल्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाचतात. म्हणून कागद काढल्यावर वाफा पुन्हा खणायचा नाही, आणि उगवलेला लव्हाळा चारपाच पानांचा होण्याआधी पुन्हा पुन्हा उपटायचा. त्यानंतर तो नव्या गाठी धरू लागतो.

१० मे: ठिबक

विहीर पुन्हा मोजली. रात्रभरात अर्धा मीटर भराव, म्हणजे ३,५०० लिटर. जानेवारीचा अंदाज जवळपास जुळला.

मोटारीनंतर १२० मेशचा डिस्क फिल्टर, त्याच्या दोन्ही बाजूंना दाबमापक, मग ५० मिलिमीटरची सबमेन, म्हणजे वाफ्यांपर्यंत पाणी नेणारी जाड नळी, आणि प्रत्येक वाफ्यावर १६ मिलिमीटरच्या दोन नळ्या. ड्रिपर ३० सेंटिमीटरवर, ताशी २ लिटरचे. दोन नळ्यांवर मिळून ६६ ड्रिपर, म्हणजे वाफ्याला ताशी १३० लिटरच्या आसपास. बारा वाफ्यांचा गट १,६०० लिटर घेतो. मोटार त्याच्या जवळजवळ तिप्पट देते, तेव्हा उरलेले पाणी विहिरीत परत सोडणारा बायपास हवाच. नाहीतर जोड उखडतात. फिल्टरनंतर दाब एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) राखला. १२ चौरस मीटरच्या वाफ्याला उन्हाळ्यात ८४ लिटर, म्हणजे सुमारे ४० मिनिटे.

तपासणी: पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी वाटी ठेवायची. सहा मिनिटांत २०० मिलिलिटर यायला हवे. दोन वाट्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर गळती, चेपलेली नळी किंवा साठलेली घाण शोधायची. फिल्टरच्या दोन दाबमापकांत अर्धा किलो फरक पडला की चकत्या धुवायच्या. नळ्यांची टोके घडी घालून बंद केली आहेत, पंधरा दिवसांनी उघडून गढूळ पाणी वाहू द्यायचे.

सबमेन पुरण्याआधी पूर्ण दाबाने तासभर चालवली. मातीत गेल्यावर गळती सापडते ती पीक सुकल्यावर.

२४ मे: रोपवाटिका

टोमॅटोच्या ५० बिया ओल्या कापडात घालून पाहिल्या होत्या; ३८ उगवल्या. उगवण ७६ टक्के. पाच वाफ्यांना २०० रोपे हवीत, वर दहा टक्के नांग्यांसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला. भागाकार केल्यावर २९० बिया होतात, म्हणजे ९८ कप्प्यांचे तीन ट्रे. पाकिटावर लिहिलेल्या उगवणीवर ट्रे भरले असते तर दोन वाफ्यांत खंड पडले असते, आणि खंडात आधी तण येते.

कोकोपीट दोनदा धुऊन घेतले. न धुतलेल्यात मीठ असते, रोपाच्या पानांच्या कडा करपतात. बी अर्धा सेंटिमीटर खोल. उगवेपर्यंत ट्रे एकावर एक रचून झाकले, पहिला कोंब दिसताच लगेच पसरले. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबट आणि पांढरी होतात, ती पुढे सुधारत नाहीत. रोज सकाळी एकदाच पाणी. रोप जमिनीलगत काळे पडून कोलमडते ते बहुतेक संध्याकाळच्या पाण्यामुळे. रात्रभर ओल राहते आणि बुरशी वाढते. पांढऱ्या माशीसाठी रोपवाटिकेवर ५० मेशची जाळी. तिने पसरणारा पर्णगुच्छ हा विषाणुरोग रोपवाटिकेतच लागला तर पुढच्या सगळ्या फवारण्या वाया. लागवडीआधी आठवडाभर जाळी थोडी थोडी उघडून आणि पाणी कमी करून रोपे कणखर करायची.

लव्हाळ्यावरचा कागद काढला. कंपोस्ट थर देऊन वरच ठेवले, मिसळले नाही.

१४ जून

पाऊस लागला. बारा गुंठ्यांत ताग फेकून पेरला. फुलाला येण्याच्या बेतात गाडायचा; त्यानंतर दांडा काष्ठमय होतो आणि कुजायला महिने घेतो. रस्त्यांच्या टोकाला चर मोकळे केले.

२८ जून: लागवड

टोमॅटो पाच वाफे, वांगी व मिरची चार, घेवडा तीन, भेंडी तीन, काकडीवर्गीय तीन, पालेभाज्या सहा. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली, म्हणून एकाच गटात. पुढच्या हंगामात तिथे यांतले काहीही नाही. फेरपालट पिकाच्या नावाने नाही, कुळाने करायची.

लागवड संध्याकाळी, ट्रे आधी भिजवून. टोमॅटोचे खोड पहिल्या पानांपर्यंत पुरले. पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढीच खोल. आधाराचे खांब तीन मीटरवर, आजच उभे केले. झाड गुडघ्याएवढे झाल्यावर खांब ठोकले तर मुळे तुटतात. काडाचे आच्छादन सात ते दहा सेंटिमीटर, खोडापासून चार बोटे दूर.

१९ जुलै: तण, आणि कोणाचे काम कोणते

लागवडीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस तणाने पिकाशी स्पर्धा केली तर उत्पन्न घटते. नंतरचे तण फक्त दिसायला वाईट आणि बी धरले तर घातक. म्हणून खुरपणी तण दोन पानांवर असताना करायची. त्या वेळी हातकोळप्याने वाफा पंधरा मिनिटांत होतो. तेच तण वीतभर झाल्यावर खुरप्याने दोन तास खाते. ढगाळ दिवशी काढलेले तण परत मूळ धरते; उघडीप बघून काम करायचे.

पेरायच्या वाफ्यांसाठी वेगळी रीत: पाणी देऊन तण उगवू द्यायचे, दहा-बारा दिवसांनी वरचा दोन सेंटिमीटर थर खरवडायचा आणि मग पेरायचे. गाजर व कोथिंबिरीसारख्या हळू उगवणाऱ्या पिकांना याशिवाय पर्याय नाही.

घेवड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या. अहवालात लिहिलेले तेच. चिलेटेड लोहाची फवारणी.

या महिन्यात एका गटाला दोनदा पाणी गेले आणि दुसरा कोरडा राहिला. दोघांपैकी प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने पाहिले असेल. झडपांचा मालक एक, रोपवाटिकेचा एक, वही आणि हिशेबाचा एक, असे वाटप केले. मालक नसेल तेव्हा फळ्यावर खडूने लिहून काम सोपवायचे, तोंडी नाही. जेवताना शेताचे वाद घालायचे नाहीत. रविवारी अर्धा तास वही उघडून बोलायचे. घरात हा नियम ठिबकाइतकाच उपयोगी पडतो, फक्त त्याला दुकान नाही.

२ ऑगस्ट: रोग आणि किडी

टोमॅटोच्या खालच्या पानांवर गोल, एकात एक वलये असलेले तपकिरी डाग: लवकर येणारा करपा. पावसाचे थेंब माती उडवतात, त्याबरोबर बुरशी खालच्या पानांवर चढते. जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंतची पाने कोरड्या दुपारी काढली. ओल्या झाडाला हात लावला की रोग हातानेच पसरतो. काढलेली पाने ढिगात नाही, खड्ड्यात.

फळांच्या बुडाला काळी, खोलगट चकती. हा रोग नाही, अळीही नाही. फळाला कॅल्शियम पोचलेले नाही, आणि ते बहुधा पाणी अनियमित झाल्यामुळे, जमिनीत कमी असल्यामुळे नव्हे. पावसात उघडीप पडली तरी ठिबक बंदच ठेवले जाते, तिथे हे दिसते. उघडिपीच्या तिसऱ्या दिवसापासून पाणी चालू.

पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर. ते कीड संपवत नाहीत, किती आली ते सांगतात. निंबोळी अर्क ५ टक्के: दहा लिटरला अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून, त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचा. उन्हात फवारला तर त्याचा गुण लवकर जातो. अळी मोठी झाल्यावरही फारसा उपयोग नाही. अंडी आणि कोवळ्या अळीच्या वेळी मारावा लागतो.

३० ऑगस्ट: तोडणी

या आठवड्याचे तास ३६. ठरवलेले २०. वही बघितली तर १४ तास एकट्या सहा वाफ्यांच्या पालेभाज्यांचे: कापणी, माती झटकणे, धुणे, जुड्या बांधणे. टोमॅटोच्या पाच वाफ्यांना सहा तास. लागवडीचे नियोजन करताना वाफा तेवढाच दिसतो, पण वाफ्यांची कामे सारखी नसतात. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते आणि झाड नवे फूल कमी देते. काकडीचेही तसेच. गाजर, बीट, भोपळा आठवडाभर थांबतात. आठवड्याचे दिवस बाहेर कामाला जाणाऱ्या घरासाठी हा फरक भावापेक्षा मोठा आहे.

आजपासून पालेभाज्या तीन वाफे. मोकळ्या तिनांत गाजर व बीट.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर पण ऊन चढण्याआधी; पालेभाज्या मात्र पहाटेच. तोडलेला माल सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. दुपारच्या उन्हात काढलेला पाला आतून गरम असतो, तो नंतर कितीही पाणी मारले तरी मान टाकतो.

२० सप्टेंबर: कोंबड्या घ्यायच्या का

बेत वीस कोंबड्यांचा होता. हिशेब: आत प्रत्येकीला ०.२ चौरस मीटर, म्हणजे खुराडे चार चौरस मीटरचे. बसायला दांडी कोंबडीमागे २० सेंटिमीटर. चारपाच कोंबड्यांना एक अंड्याचा खोका. खाद्य रोज ११० ते १२० ग्रॅम, वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा. जाळी १२ मिलिमीटरची वेल्ड केलेली. षटकोनी जाळीतून कोंबडी बाहेर येत नाही, पण मुंगूस आत जाते आणि कुत्रे ती फाडते. जाळीचा ३० सेंटिमीटर पट्टा बाहेरच्या बाजूला आडवा पुरायचा.

हे सगळे जमते. जमत नाही ते असे, की रोजची चाळीस मिनिटे आणि संध्याकाळी दार लावायला माणूस, सुट्टी कधीच नाही. आठवड्याचे जवळजवळ पाच तास म्हणजे एक पूर्ण गुंठा भाजी. तोडणीचे तास २० च्या आत येईपर्यंत कोंबड्या नाहीत. जनावर आधी आणून मग त्याला वेळ शोधायचा, हा क्रम त्या जनावरावर अन्याय आहे.

१८ ऑक्टोबर

पालक, मुळा, कोथिंबीर एकदम नाही, बारा दिवसांच्या अंतराने पावपाव वाफा. थंडी वाढली की वाढ मंदावते आणि दोन पेरण्यांच्या काढणीत खंड पडतो. तेव्हा नोव्हेंबरपासून अंतर कमी करायचे. तागाचे बारा गुंठे गाडून झाले, वर हरभरा पेरला.

१५ नोव्हेंबर: देखभाल

वाटीची चाचणी: शेवटचे ड्रिपर १५० मिलिलिटर. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर, म्हणजे क्षार. सौम्य आम्लाचे पाणी सोडून चोवीस तास नळ्या बंद ठेवल्या, मग टोके उघडून धुतल्या. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालून. शेवाळ असेल तर क्लोरीन. पण आम्ल आणि क्लोरीन एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो.

खुरपी, विळे धार लावून, तेल पुसून टांगले. जागा भिंतीवर रंगाने आखल्या आहेत, त्यामुळे काय बाहेर राहिले ते लगेच दिसते.

२० डिसेंबर: पुढच्या वर्षाचा तक्ता

वाफे २४ च राहतील. वाढवायचे काय हा प्रश्न रविवारी दोनदा निघाला, दोन्ही वेळा वही उघडल्यावर मिटला: तोडणीच्या आठवड्यांत २० तासांचा आकडा अजून पाळता आलेला नाही, नोव्हेंबरात कुठे २३ वर आला.

भेंडी तीनवरून एक वाफा. पालेभाज्या तीनच. टोमॅटो पाच, पण दोन टप्प्यांत, महिन्याच्या अंतराने. मोकळ्या दोन वाफ्यांत कांदा आणि लसूण. काढणी एकदाच, साठवणही होते. तोडणी चालू असलेल्या आठवड्यांत कोणतेही नवे बांधकाम सुरू करायचे नाही. फळझाडांचे खड्डे त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येच, एक मीटर लांब-रुंद-खोल, उन्हात तापायला उघडे ठेवून. पहिल्या वर्षी झाडे तीन गुंठ्यांत सहापेक्षा जास्त नाहीत, कारण उन्हाळ्यात त्यांचे पाणी विहिरीच्या त्याच ३,५०० लिटरमधून जायचे आहे.

बियाण्याची यादी या तक्त्यावरूनच करायची. उरलेल्या पाकिटांची उगवण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासायची. ६० टक्क्यांच्या खाली उतरलेली पाकिटे ट्रेसाठी वापरायची नाहीत.